तागडीच्या आकड्याला सात डब्या

मानवत, १४ नोव्हेंबर १९४४

अक्का,

अक्षर बघूनच तू पाकीट बाजूला ठेवशील, म्हणून कामाचं आधी लिहितो. तू मानवतला ये. दोन महिन्यांसाठी ये. तू आली न्हाईस तर माझं काम बंद पडंल.

मी लहान लेकरांचा वर्ग काढलाय. लय लहान लेकरं, तीन ते पाच वर्षांची, ज्यांना सरकारी मदरशात पहिलीला बी अजून कुणी घेत न्हाई. अकरा हायेत. जागा म्हणजे अप्पांच्या दुकानाची ओसरी. कापूस तोलायची मोठी तागडी जिथं टांगलेली असती, तिच्याच खाली सतरंजी टाकून बसतोत आमी.

तू म्हणशील, हे कुठलं खूळ. सांगतो. हैदराबादला आमच्या बोर्डिंगच्या भिंतीला लागून मिशनचा बच्च्यांचा क्लास होता. एक म्हातारी मॅडम तिथं लेकरांकडून कागद दुमडून घ्यायची, कापून घ्यायची, चिकटवून घ्यायची, मातीचं काहीबाही करून घ्यायची. पाटी न्हाई, पाढे न्हाईत. नुसते हात. मी मॅट्रिकचा अभ्यास सोडून खिडकीतून तेच बघत बसायचो. दोन महिन्यांत त्या लेकरांची बोटं अशी चालायला लागली की बघत राहावं. आणि बोटांमागून तोंडं बी उघडली. जी पोरगी आईच्या मागं लपायची, ती आपली कागदाची होडी घेऊन सगळ्यांना दाखवत फिरायली. तवाच ठरवलं, हे मानवतला करायचं.

अप्पांना मला वकील करायचं होतं. ते बोलले जे बोलायचं ते. शेवटी म्हणले, "पंधरा डिसेंबरपर्यंत ओसरी रिकामी हाय. मग कापसाच्या गठाणी येत्यात. तवर लेकरं टिकली तर पुढचं बघू. न्हाई टिकली तर हा खेळ बंद." तर मला पंधरा तारखेच्या आत दाखवून द्यायचंय की हा खेळ न्हाई.

अडचण एकच. मी बाप्या माणूस. आया दारात उभ्या राहून विचारत्यात, "आत बाई कोण हाय?" कुणीच न्हाई. चन्नबसम्मा, म्हणजे आमच्या वर्गातली चन्नी, साडेतीन वर्षांची. तिला परसाकडं लागली की मी शेजारच्या काकूंना हाका मारत रस्त्यात पळतो. तवर उशीर झालेला असतो.

तुझ्याइतकं हातानं कुणाला येतंय? तू मला ज्वारीच्या धाटाची बैलगाडी करून द्यायचीस, तिची चाकं फिरायची. मॅडमच्या क्लासमध्ये असं एक बी काम मी बघितलं न्हाई.

तीन वर्षं तू माझ्याशी बोलली न्हाईस. कामून, ते तुला माहीत हाय, मला बी माहीत हाय. त्याबद्दल भेटल्यावर बोलू.

दुकानातला मुनीम तुझ्या पाकिटावर विधवेचं 'गंगाभागीरथी' लिहितो. मी लिहिलं न्हाई. नुसतं भागम्मा लिहिलंय.

तुझा,
सांबा

मानवत, २१ नोव्हेंबर

अक्का,

उत्तर आलं न्हाई. येणार न्हाई असं धरूनच लिहायलोय, पण तुला सांगितल्याशिवाय राहवत न्हाई.

पहिला आठवडा सगळा फसला. हैदराबादहून मी एक इंग्रजी पुस्तक आणलंय, त्यात रोजचा प्लॅन हाय. सोमवारी कागदाची साखळी, मंगळवारी कागदाची टोपली, बुधवारी कागदाचं फूल. रंगीत कागद मोजून अठरा. लढाईमुळं हैदराबादलाच मिळंनात, मानवतला कुठून मिळायचे? कात्र्या दोन आणि लेकरं अकरा. पहिल्या दिवशी कात्रीवरून मारामारी, दुसऱ्या दिवशी कागद संपले. चिकटवायला ज्वारीच्या पिठाची खळ शिजवून ठेवली होती, ती लेकरांनी खाल्ली. वाटी चाटूनपुसून. चन्नी म्हणली, "मास्तर, मीठ न्हाई घातलं."

केवळाबाई ओट्याखाली बसून सगळं बघत होती. तिचा मालक मेंढ्या घेऊन रानात जातो, ही आपल्या लिंबाजीला सोडायला येती आणि परत जातच न्हाई, तिथंच लोकर कातत बसती. ती पोट धरून हसायली.

"मास्तर, कागूद कापून काय करायलाव? जनावराला घालायचंय का?"

"बाई, लेकरांच्या बोटांना वळण लागतं त्यानं."

"मग त्याला कागूद कशाला? वढ्याला माती काय कमी हाय?"

मला राग आला. पण दुसऱ्या दिवशी गेलो ओढ्यावर. दोन टोपल्या काळी माती आणली, भिजवली, गोळे करून लेकरांच्या हातात दिले. बैल झाले, हत्ती झाले, चुली झाल्या. दुपारी सगळ्यांना भेगा पडल्या आणि संध्याकाळी ओसरीत नुसती ढेकळं. महानंदा, चार वर्षांची, आपल्या हत्तीचे तुकडे फडक्यात बांधून घरी घेऊन गेली. सकाळी तिची आई मनकर्णाकाकू दारात. "मास्तर, तुमचा हत्ती गेला म्हणं. पोरगी जेवली न्हाई. आमी मातीला कधी यायचं?"

मग केवळाबाईनंच सांगितलं. काळी माती एकटी टिकत न्हाई, तिच्यात केस पाहिजेत. तिनं टोपलीतली टाकाऊ लोकर काढली, बारीक तोडून मातीत मिसळली आणि पायानं चांगली तुडवली. मी ओसरीतला झाडून टाकलेला कापूस घालून बघितला. तो बी चालतो! त्या दिवसापासून एक बैल फुटला न्हाई.

आता पुस्तक ट्रंकेत गेलंय. रंगाला हळद, गेरू, नीळ, काजळी. पांढरा मिळंना, तर चन्नीनं घरून विभूतीचा गोळाच उचलून आणला. मी घाबरून परत पाठवला आणि तांदळाचं पीठ कालवलं. भिजवलेल्या सरक्या पुठ्ठ्यावर लावतोत, धाट सोलून आतल्या भेंडात काड्या खोचतोत, चिंध्या गुंडाळून चेंडू करतोत. हे सगळं हितं पडलेलं होतं, आणि मी हैदराबादहून अठरा कागद आणले!

एक गोष्ट खास तुझ्यासाठी. लिंबाजीनं मेंढी केली. चपटी, पाय पोटाखाली. मी मोठ्या मायेनं तिचे चार पाय ओढून काढले आणि तिला उभी केली. म्हणलं, "आता बघ कशी दिसती." त्यानं मेंढीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"मास्तर, ती बसल्याली होती. रवंथ करायली होती. तुमी कामून उठवली?"

चार वर्षांच्या पोराला सॉरी म्हणावं लागलं मला. त्याला सॉरी म्हणजे काय ते कळलं न्हाई, पण मेंढी मी परत बसवली तवा तो हसला. आता मी कुणाच्या वस्तूला हात लावत न्हाई.

तू हे बघायला पाहिजेस. ये.

सांबा

मानवत, २८ नोव्हेंबर

अक्का,

लहानच पत्र लिहायलोय. काल वर्गात जरा गडबड झाली. फार काही न्हाई. लेकरांच्या गळ्यातल्या इष्टलिंगाच्या डब्यांवरून आयांचा थोडा गैरसमज झाला, तो मिटला. पण आता त्या म्हणायल्यात, आमच्यातली एखादी बाई बसल्याशिवाय लेकरं पाठवणार न्हाई. म्हणजे तू आलीस की सगळं जागच्या जागी बसंल. मानवत रोड स्टेशनवर घ्यायला मी स्वतः येतो. फक्त तारीख कळव. लवकर कळव.

सांबा

मानवत, १ डिसेंबर

अक्का,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. गडबड 'जरा' नव्हती आणि गैरसमज कुणाचाच नव्हता. चूक माझी, आणि ती अशी की आपल्या घरात जन्मलेलं माणूस करणार न्हाई.

सोमवारी मातीचं काम होतं. अकरातली सात लेकरं आपल्या लिंगायतांतली, सातांच्याही गळ्यात लिंग. चांदीची डबी आणि शिवदोरा. लेकरं वाकली की डब्या खाली लोंबायच्या आणि चिखलात बुडायच्या. मिशनच्या क्लासमध्ये मॅडम लेकरांच्या गळ्यातल्या साखळ्या आणि अंगातले कोट काढून खुंटीला टांगायची. मला तेच आठवलं. मी सातांच्या गळ्यातून लिंग काढलं आणि तागडीच्या आकड्याला अडकवून ठेवलं.

अंगावरून काढलं, अक्का. आणि कापूस तोलायच्या आकड्याला टांगलं.

लेकरांनी आपणहून माना पुढं केल्या. मास्तरांनी काढलं म्हणजे काढायचंच असंल. फक्त केवळाबाई खालून म्हणली, "मास्तर, ते काढत नसत्यात ना तुमच्यात?" मी म्हणलं, "मातीनं खराब होतंय, बाई." आणि वर तिला स्वच्छतेवर भाषण दिलं.

दुपारी परत घातलं, घाईघाईत. सातही डब्या एकाच सोनाराच्या हातच्या, एकसारख्या. कुणाची कुणाच्या गळ्यात गेली, मी बघितलं बी न्हाई.

सोमवार म्हणजे घरोघर मोठ्यांचा उपास. संध्याकाळी लिंगपूजा झाली की मग जेवण. मनकर्णाकाकूंनी महानंदाला पुढ्यात घेतलं, डबी तळहातावर धरली आणि ओरडल्या, "ही आमची न्हाई, हाताला जड लागती!" शेजारी पळाल्या. शेजारणीची बी तिची न्हाई. दिवेलागणीला सात घरांची माणसं अप्पांच्या ओसरीत जमली. चुली विझवलेल्या, कुणाच्या पोटात अन्न न्हाई, लेकरं भुकेनं रडायलेत. मठातले जंगम अय्या आले. अप्पा कोपऱ्यात तोंड फिरवून उभे.

अय्यांनी पाटावर धूतवस्त्र टाकून सातही डब्या मांडल्या. म्हणले, "ओळखा आपापली." आया उचलून उचलून बघायल्या. दोघींनी एकाच डबीवर हात ठेवला. आवाज चढायला लागले.

तवा चन्नी आजीच्या मांडीवरून उतरली. पाटापाशी बसली, एक डबी उचलली, तोंडाजवळ नेली आणि म्हणली, "ही माजी. हितं चावलेय मी."

अय्यांनी डबी दिव्याजवळ धरली. कडेला चार बारके बारके दात उमटलेले. मग महानंदा म्हणली, "मी बी चावते. वरून चावते." सात लेकरांनी सात डब्या दातांवरून ओळखल्या, एक बी चुकलं न्हाई. अय्यांना हसू आवरंना. "अरे, ही लेकरं लिंग धरायलेत का ऊस खायलेत?"

मला वाटलं, सुटलो. अय्या माझ्याकडं वळले. "सांबप्पा, अंगावरचं लिंग काढत नसत्यात, हे तुला कुणी सांगितलं न्हाई?" असं म्हणता म्हणता त्यांची नजर माझ्या गळ्यावर थांबली. शर्टाचं वरचं बटण उघडं होतं.

माझ्या गळ्यात काही न्हाई, अक्का. चार वर्षं झाली. बोर्डिंगात पोरं 'डबीवाला' म्हणायची, म्हणून काढून ट्रंकेत ठेवलंय. अप्पांना ते त्या संध्याकाळी सगळ्यांसमोर कळलं.

मनकर्णाकाकू म्हणल्या, "ज्याच्या स्वतःच्या गळ्यात न्हाई, त्याच्या हवाली आमची लेकरं कशी करायची? आमच्यातली बाई बसवा, मग बघू."

मंगळवारपासून आपल्यातलं एक बी लेकरू आलं न्हाई. बाकीची चार, त्यातली तीन ह्यांचं बघून बंद झाली. एकटा लिंबाजी येतो. मी रोज सतरंजी अकरा जणांचीच टाकतो, माती बी अकरा जणांचीच मळतो. अप्पा येता-जाता बघत्यात. पंधरा तारखेला दोनच आठवडे राहिलेत. मी हे बंद पडू देणार न्हाई, काय वाट्टेल ते झालं तरी.

म्हणून म्हणतो, ये. आता तूच.

सांबा

पालम, ५ डिसेंबर

सांबा,

तूच शिकवल्याली अक्षरं हायेत, चुकली तर सांभाळून घे.

तुझी चारी पत्रं आली. चारी वाचली. डब्यांचं वाचून हसले, खोटं कशाला सांगू. मेंढीचं तर दोनदा वाचलं. पण ज्या कारणानं मी तीन वर्षं बोलले न्हाई, त्याची चारी पत्रांत एक ओळ न्हाई. 'भेटल्यावर बोलू.' म्हंजे आधी मी तुझ्या कामाला यायचं, मग तू बोलणार.

तर मीच लिवते. माझा मालक गेला तवा मी बावीस वर्षांची होते. वर्षानं पालमच्या ईश्वरअप्पांनी अप्पांकडं माणूस धाडला. त्यांची बायको बाळंतपणात गेल्याली, पोर दोन वर्षांची, किराणाचं दुकान. विधवेची उडकी, म्हंजे दुसरं लगीन, आपल्यात आजची न्हाई, आज्जीपणजीपासून लागत आलीय. अप्पा हो म्हणले. मी बी हो म्हणले. दिवस बी धरला. आन् हैदराबादहून तुझं पत्र आलं. मुनिमानं दुकानात मोठ्यानं वाचलं. 'माझ्या बहिणीचं दुसरं लग्न लागलं तर मी मानवतला पाय ठेवणार न्हाई, हितली पोरं मला हसतील.' सतरा वर्षांचं पोरगं, पण इंग्रजी शिकल्यालं. अप्पांना वाटलं, शिकल्यालं माणूस म्हणायलंय म्हंजे खरंच वाईट असंल. आलेल्या माणसाला पाणी बी न देता परत लावलं. मी दाराआड उभी होते. दुसऱ्या दिवशी मी माझ्या पायानं सासरी पालमला आले.

आता तुला बाई पाहिजे. आपल्यातली, हाताला कसब असल्याली, रिकामी. सांबा, मी रिकामी न्हाई. ईश्वरअप्पांची पोर पाच वर्षांची झाली. रोज माझ्याकडं येती. तिला मी धाटाची गाडी शिकवली, चिंध्यांची बाहुली शिकवली, भेंडाची साखळी शिकवली. तुझ्या मॅडमला न इचारता. ईश्वरअप्पांनी दुसरी केली न्हाई. मागल्या महिन्यात त्यांनी अप्पांना न्हाई, मलाच इचारलं. मी हो म्हणलेय. सासरची माणसं तयार हायेत. गुरुवारी, एकवीस तारखेला, भर दुपारी. उडकी अंधारात उरकत्यात, माझी अंधारात लागणार न्हाई, असं मी सांगून ठिवलंय.

तवा मी मानवतला येणार न्हाई. माझं घर पालमला हाय.

तुझ्याकडून मला एकच पाहिजे. जसं तवा कागदावर लिवलंस, तसं आता अप्पांना कागदावर लिव. मुनिमालाच वाचू दे, दुकानात, मोठ्यानं. तुझ्या वर्गाला त्याचा काही उपेग न्हाई. तरी लिवतोस का, ते बघायचंय मला.

गळ्यात बांध का नको बांधू, तुझं तू बघ. दुसऱ्याच्या लेकरांचं काढू नको.

भागम्मा

मानवत, १२ डिसेंबर

अक्का,

लिहिलं. आधी तेवढं सांगतो.

तुझं पत्र आलं तवा पहिला अर्धा तास मी तुझ्यावरच चिडलो. माझं काम बुडायलंय आणि हिला स्वतःचं पडलंय, असं वाटलं. हे बी लिहितो, कारण आता काही लपवायचं न्हाई. मग ध्यानात आलं की सतरा वर्षांचा होतो तवा मी हेच म्हणलो होतो, फक्त शब्द वेगळे होते. ओसरीत एकटाच बसलो होतो तरी तोंड लपवावंसं वाटलं.

अप्पांना हे लिहिलं: 'तीन वर्षांमागं मी तुमाला जे लिहिलं ते चूक होतं. पोरं हसतील म्हणून मी अक्काचं घर बसू दिलं न्हाई. त्याच भीतीनं गळ्यातलं काढलं. अक्का एकवीस तारखेला ईश्वरअप्पांशी उडकी लावायलीय. मी जाणार हाय. तुमीही यावं. तुमी परत लावलेल्या माणसाची माफी मी मागीन, कारण तो माझ्यामुळं परत गेला.'

शनिवारी दुकान भरलेलं होतं. मुनिमाच्या हातात कागद दिला. त्यानं दोन ओळी मनात वाचल्या आणि म्हणला, "मालकांना एकट्याला देऊ का?" मी म्हणलं, "न्हाई. मोठ्यानं." त्यानं वाचलं. दोनदा अडकला, पण सगळं वाचलं.

अप्पांनी हातातलं वजन तागडीत ठेवलं. मग म्हणले, "तवा तुझ्या एका कागदावर मी माणसाला दारातून परत लावलं. आता दुसऱ्या कागदावर त्याच्या दारात जाऊ? माझ्या जबानीला काही वजन हाय का न्हाई?"

"अप्पा, तवा बी वजन माझ्याच कागदाला होतं."

हे मी बोलायला नको होतं, पण बोललो. ते शांतपणे म्हणले, "उद्या ओसरी रिकामी कर."

तर ओसरी गेली, मुदतीच्या पाच दिवस आधीच. रविवारी सतरंजी, धाटं आणि मातीची टोपली डोक्यावर घेऊन निघालो. लिंबाजी पुढं, बसल्याली मेंढी दोन्ही हातांत धरून. केवळाबाईनं मेंढवाड्याच्या कडेचा मांडव दाखवला. मेंढ्या दिवसभर रानातच असत्यात. "हितं बसा. वास येतंय, पर तेवढ्यानं कुणी मरत न्हाई." आमी दोघांनी शेणानं सारवून घेतलं. मी आतापर्यंत कधी सारवलं नव्हतं. ती म्हणली, "मास्तर, हाताला वळण लागायलंय तुमच्या."

आणि एक गोष्ट राहिली. दुकानात वाचलेलं दुसऱ्या दिवशी गावभर झालं. मी धरून चाललो होतो की आता लोक तोंडावर हसतील. कुणी हसलं न्हाई. मनकर्णाकाकू ओढ्याच्या वाटेवर भेटल्या, मला वाटलं भांडायला थांबल्यात. म्हणल्या, "अहो, उडकीत लाजायचं काय असतं? माझी सासू उडकीचीच हाय. अख्खी गल्ली तिच्या पाया पडती. तुमाला कुणी सांगितलं की हे वाईट हाय?"

मी आठवून बघितलं. कुणीच सांगितलं नव्हतं. बोर्डिंगातली पोरं तुझ्यावरून कधी हसली नव्हती, कारण मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. हसतील असं मीच धरलं. तेवढ्यावर तुझी तीन वर्षं गेली, अक्का. ही मी परत आणून देऊ शकत न्हाई. माफीचा शब्द पत्रात लिहिला तर तू म्हणशील, स्वस्तात सुटला. म्हणून तोंडानं मागीन.

वर्ग बंद न्हाई. लिंबाजी येतो.

सांबा

मानवत, १८ डिसेंबर

अक्का,

परवा निघतो. मानवत रोडहून परभणी, तिथून गंगाखेडची गाडी, पुढं मिळंल ती बैलगाडी. गुरुवारी सकाळी पालमला पोचतो.

आज मेंढवाड्यात काय झालं ते ऐक. सकाळी मी, लिंबाजी आणि केवळाबाई माती तुडवायलोत, तर मनकर्णाकाकू महानंदाचा हात धरून बाहेर उभ्या. आत येईनात. महानंदा हात ओढायली, काकू सोडंनात.

"मास्तर, ही पोर घरी कणकेचे बैल करायली. भाकरीच्या पिठाचे बी केले. घरात खायला पीठ ठिवंना. मी बसते तुमच्या वर्गात. पण माझी अट हाय."

"बोला, काकू."

"लिंगाला तुमी हात लावायचा न्हाई. डबी लेकराच्या पाठीवर टाकायची आणि वरून फडकं गुंडाळून गाठ मारायची. मी मारीन. अंगावरून निघत न्हाई आणि चिखलात बी बुडत न्हाई. एवढं तुमच्या इंग्रजी पुस्तकात नव्हतं का?"

"नव्हतं."

"मग काय शिकलाव इतकी वर्षं?"

केवळाबाई मातीतून पाय न काढता म्हणली, "म्या त्या सोमवारीच सांगणार होते, काकू. पर मास्तरांचं भाषण चालू झालं."

दोघी अशा हसल्या की मेंढवाड्यातलं कोकरू उठून उभं राहिलं. काकू आत आल्या, ओचा खोचून बसल्या. दुपारपर्यंत पाच लेकरं झाली. चन्नी पाचवी. आत येऊन नाक वर करून म्हणली, "मास्तर, हितं मेंढीचा वास येतंय." मी म्हणलं, "येतंय." म्हणली, "चांगला हाय," आणि मातीत हात घातले.

पाच म्हणजे अकरा न्हाईत. टिकतील का, सांगता येत न्हाई. आमचं छप्पर उन्हाळ्यापर्यंतच हाय, मग मेंढ्या वाड्यावरच थांबत्यात. तवर दुसरी जागा शोधीन. सापडंपर्यंत झाडाखाली बसू. उद्या ह्या पाच जणांच्या घरी जाऊन राहिलेल्या सहांचं बोलतो.

अप्पांना विचारलं, येता का. म्हणले, "कापूस उतरायलाय." मी परत विचारलं न्हाई. गळ्याचं म्हणशील, तर ट्रंकेतलं काढून बघितलं, पुसलं, अजून बांधलं न्हाई. बांधीन तवा कुणाच्या भीतीनं बांधणार न्हाई. अय्यांना तसं सांगून आलोय. ते म्हणले, "सावकाश."

गुरुवारी पालमला आलो की आधी ईश्वरअप्पांच्या दुकानात जाऊन त्यांच्या पाया पडणार हाय. त्याला तुझी परवानगी मागत न्हाई, ते काम माझं हाय. मग तुझ्या दाराशी येऊन उभा राहीन. आत बोलवायचं का न्हाई, ते तू ठरव. बोलवलंस तर जेवीन. न्हाई बोलवलंस तर मांडवाबाहेरून अक्षता टाकीन. मुक्काम मात्र करणार न्हाई. तीन दिवस मनकर्णाकाकू आणि केवळाबाई वर्ग बघणार हायेत, आणि शनिवारी माती तुडवायची पाळी माझी हाय.

सांबा